'जोखीम घटक' आणि 'अतिजोखमीचे गट': नेमका अर्थ कोणता?

प्रश्न: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या लागणीवरचा एक लेख मराठीत लिहिते आहे. 'जोखीम घटक' आणि 'अतिजोखमीचे गट' हे शब्द पानोपानी येतात. 'घटक' म्हणजे कारणच ना? आणि 'रक्तजन्य विषाणू' म्हटलेलं चालेल?

उत्तर: 'कारण' लिहू नका. आजाराचं कारण विषाणू. ज्या गोष्टीमुळे तो शरीरात शिरण्याची शक्यता वाढते, ती जोखीम घटक. त्यामुळे कोणत्या विषाणूबद्दल बोलतो आहोत ते त्याच वाक्यात यायला हवं. बाधित रक्ताची सुई चुकून टोचली, तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, हिपॅटायटिस सीची जास्तीत जास्त साधारण 2 टक्के. पण लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो, म्हणून एकमेकांचं रेझर वापरणं हाही त्याचा घटक ठरतो. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांत सी केवळ सुईतून पसरत नाही. द्रव्य विरघळवायचा चमचा, कापूस आणि पाणी सामायिक असलं तरी पुरतं. हे न लिहिता 'सुया वापरू नका' एवढंच छापलं, तर वाचणारा सुई बदलतो आणि चमचा तोच ठेवतो.

लैंगिक संबंधांचंही तसंच. एचआयव्ही आणि बी त्यातून पसरतात. स्त्रीपुरुष संबंधांतून सी क्वचितच पसरतो; पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांत मात्र तो या मार्गानेही पसरलेला दिसतो. जननेंद्रियावर दुसऱ्या लैंगिक आजाराचा व्रण असेल, तर एचआयव्हीला वाट मोकळी होते. तोही घटकच.

आता 'जोखीम'. मराठीत आपण जोखीम 'पत्करतो', 'उचलतो'. म्हणजे क्रियापदातच माणसाची मर्जी गृहीत धरलेली असते. थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या मुलाने काय पत्करलं? बाधित आईच्या पोटी जन्मलेल्या बाळाने? बहुतेक तुरुंगांत निर्जंतुक सुईच मिळत नाही, तिथे एकच सुई दहा हातांत फिरते. ती टंचाई हासुद्धा जोखीम घटक आहे, पण कैद्याच्या वागण्यापलीकडे कुणी बघत नाही. मी 'जोखीम असणे', 'जोखीम वाढणे' एवढीच क्रियापदं वापरते.

'रक्तजन्य' 'जलजन्य'च्या चालीवर बनलाय, रूढही होतोय. तरी सामान्य वाचकाला तो रक्ताचाच विकार वाटू शकतो. 'रक्तातून पसरणारे' लांब आहे, पण चुकीचं कळत नाही. 'अतिजोखमीचे गट' मात्र मी लिहीतच नाही.

दुसरं उत्तर: बाकी पटलं, पण 'गट' हा शब्द टाकून देऊ नका. तपासणी, बीची लस, निर्जंतुक सुया कुठे आधी पोचवायच्या हे गटांवरूनच ठरतं. गटाचं नावच घेतलं नाही, तर त्यांच्यासाठी पैसाही राखला जात नाही.

पहिलं उत्तर: मान्य. माझी हरकत गटाच्या नावात 'अतिजोखमीचे' हे विशेषण कायमचं चिकटवण्याला आहे. दर वेळी कंडोम वापरणारी देहविक्रय करणारी स्त्री आणि वापरू न दिली जाणारी स्त्री यांची जोखीम सारखी नसते, पण त्या शब्दाखाली दोघी एकच होतात. शिवाय गटाबाहेरचा वाचक 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवून पान उलटतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा 'प्रमुख लोकसमूह' अशा अर्थाची संज्ञा वापरते, त्यात जोखमीचं नाव नाही. 'ज्यांच्यात लागणीचं प्रमाण जास्त आढळतं असे समूह' असं एकदा सविस्तर लिहा, पुढे नुसतं 'हे समूह'. आणि 'गुप्तरोग' कुठे राहिला असेल तर काढा. त्या शब्दाच्या लाजेने माणसं तपासणीला येत नाहीत.

प्रश्नकर्ती: लेखात 'व्यसनी' असंही आहे. तिथे 'नशेची इंजेक्शनं घेणारे' करते, आणि चमचा-कापसाचं वाक्य वर आणते.