मदत हवी आहे: युगांडातल्या आरोग्य शिबिरासाठी निधी कुणाच्या खात्यात घ्यावा?

एमबीबीएसची विद्यार्थिनी स्वयंसेवेला जाणार आहे. तिकीट, व्हिसा, विमा यांसाठी वर्गणी गोळा करायची आहे. अडचण खात्याची. नातेवाईक सोडून इतरांकडून आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त भेट आली, की फक्त वरची नाही, सगळीच रक्कम करपात्र होते. शिवाय व्यक्तीला दिलेल्या पैशांवर देणगीदाराला करसवलत नाही. नोंदणीकृत ट्रस्टमार्फत घ्यावं, तर भारताबाहेरच्या कामावरचा खर्च ट्रस्टच्या करमाफीत सहसा धरत नाहीत. ट्रस्टने तिकीट इथेच रुपयांत काढलं, तर तो खर्च भारतातला म्हणून चालतो का? कुणा सीएंनी असं प्रकरण हाताळलंय का? लवकर सांगा, कारण पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. त्याआधी प्रमाणपत्र वैध धरत नाहीत. निदान तेवढे पैसे आधी हातात हवेत.