मदत हवी आहे : हिपॅटायटिस सीचा जीनोटाइप (विषाणूचा जनुकीय प्रकार) आणि यकृताची हानी यांचा नेमका संबंध काय?

नमस्कार.

माझ्या आईचे वय ६१ आहे. १९९१ साली धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी सिझेरियन करावे लागले आणि तेव्हा तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तोच मुळी १९८९ साली. त्यामुळे ते रक्त या दृष्टीने तपासलेले असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. त्यानंतर तिला कधी कावीळ झाली नाही. गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या तपासण्या केल्या, तेव्हा हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली आणि पुढे एकेक अहवाल हाती येत गेला.

व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) ६ लाख, जीनोटाइप ३, यकृताच्या तपासणीत एसजीओटी ८४, एसजीपीटी ९२, प्लेटलेट १,३८,०००, फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) १४.२ किलोपास्कल. डॉक्टरांनी ‘सिरॉसिसची (यकृत व्रणांनी कडक होण्याची) सुरुवात आहे, पण यकृताचे काम अजून व्यवस्थित चालू आहे’ असे सांगितले. आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि वजनही जास्त आहे. मद्याचा प्रश्नच नाही.

गोंधळ मावशीमुळे वाढला आहे. तिलाही हाच आजार तीन वर्षांपूर्वी निघाला होता. तिचा जीनोटाइप १, व्हायरल लोड ४२ लाख, म्हणजे आईच्या सातपट. आणि फायब्रोस्कॅन मात्र अवघा ६.८. ती आईहून पाच वर्षांनी मोठी आहे. विषाणू कमी असलेल्या बहिणीचे यकृत अधिक खराब कसे, हे घरात कोणालाच उमगत नाही. त्यातच ‘एकीकडून दुसरीला लागला’ अशी कुजबुज नातेवाइकांत सुरू झाल्यापासून मावशीने आमच्याकडे जेवायला येणे बंद केले आहे.

जीनोटाइप ३ खरोखरच अधिक घातक असतो का? विषाणूतील बदल शोधणारी महागडी चाचणी एका प्रयोगशाळेने सुचवली आहे, ती करावी का? आमचे डॉक्टर म्हणतात की आता जीनोटाइपला फारसे महत्त्व उरलेले नाही. त्यांच्यावर विश्वास आहे, पण कारण समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी विषाणू-निदान प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांचा निर्णय तुमच्या यकृततज्ज्ञांचाच.

प्रथम व्हायरल लोडचा विषय संपवू. त्या आकड्याचा यकृताच्या हानीशी जवळजवळ संबंध नसतो. रक्तात विषाणू किती फिरतो आहे एवढेच तो सांगतो. यकृताला व्रण पडतात ते मुख्यतः वर्षानुवर्षे चाललेल्या दाहामुळे, आणि तो दाह प्रामुख्याने आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यातून उपजतो.

जीनोटाइपचे तसे नाही. या विषाणूची जनुकीय साखळी सुमारे ९,६०० अक्षरांची असते आणि तिची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) चुका दुरुस्त करत नाही, म्हणून एकाच रुग्णाच्या रक्तातही थोडीथोडी वेगळी असंख्य रूपे एकत्र नांदतात. जीनोटाइप हा त्याहून कितीतरी जुना आणि मोठा भेद आहे. दोन जीनोटाइपमध्ये साधारण ३० टक्के अक्षरे वेगळी असतात. आजवर आठ जीनोटाइप ओळखले गेले आहेत, त्यांतला आठवा मूळच्या पंजाबातील रुग्णांत सापडला. भारतात सर्वाधिक आढळतो तो ३, त्याखालोखाल १.

जीनोटाइप ३ चे वैशिष्ट्य म्हणजे यकृतात चरबी साठवण्याचे काम हा विषाणू स्वतःच करतो. यकृतातून चरबी बाहेर नेणारी यंत्रणा तो अडवतो. इतर जीनोटाइपमध्ये आढळणारी चरबी बहुतेक वेळा वजन आणि मधुमेह यांची असते. आईच्या बाबतीत दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या, लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१४ सालच्या अभ्यासात जीनोटाइप १ च्या तुलनेत ३ असलेल्यांना सिरॉसिसचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी आणि यकृताच्या कर्करोगाचा सुमारे ८० टक्क्यांनी अधिक दिसला. तेव्हा तुमची शंका निराधार नाही.

तरीही दोघी बहिणींची तुलना करून जीनोटाइपला दोषी ठरवू नका. मावशींना संसर्ग कधी झाला, हे तुम्ही लिहिलेले नाही. आईंच्या यकृताने तीस वर्षांहून अधिक काळ हा विषाणू सोसला आहे. मावशींचा काळ कदाचित त्याच्या निम्माही नसेल. संसर्गाचा कालावधी, मधुमेह, मद्य, हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीची जोड आणि रुग्णाची स्वतःची जनुके यांचे वजन एकत्रितपणे जीनोटाइपहून जास्त भरते.

मात्र त्या अहवालाने एक गोष्ट ठामपणे सांगितली आहे आणि तिकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. एकीचा जीनोटाइप १ आणि दुसरीचा ३ असेल, तर एकीचा विषाणू दुसरीला लागलेला नाही. एका जीनोटाइपचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही. आणि एका ताटात जेवल्याने तर हा आजार मुळीच पसरत नाही. तो रक्तातून पसरतो. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून नातेवाइकांना दाखवावेत.

प्रतिसाद २

मी स्वतः जीनोटाइप ३ चा, आता बरा झालेला रुग्ण आहे. डॉक्टर ‘महत्त्व उरले नाही’ म्हणतात ते औषधांच्या निवडीपुरते. २०१८ साली सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. सिरॉसिस नसल्यास सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर, तुमच्या आईंसारखा, यकृताचे काम अजून व्यवस्थित चालू असलेला सिरॉसिस असल्यास सोफोसबुवीर आणि वेल्पाटासवीर, दोन्ही बारा आठवडे. त्यासाठी जीनोटाइप कळलाच पाहिजे असे नाही. जीनोटाइप ३ सोबत सिरॉसिस असलेल्यांत यश किंचित कमी, पण २०१५ सालच्या मोठ्या औषध-चाचणीतही ते ९१ टक्क्यांच्या आसपास होते.

विषाणूतील बदलांची चाचणी मी केली नव्हती. जीनोटाइप ३ मधला वाय९३एच नावाचा बदल उपचाराला थोडा अडथळा आणतो हे खरे, पण पहिला उपचार फसल्यावर तिचा विचार होतो, असे मला सांगण्यात आले होते. तुम्हीही डॉक्टरांना विचारूनच खर्च करा.

औषध सुरू होण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, याची खात्री करा; सी दबल्यावर लपलेला बी उसळू शकतो. आईंना आम्लपित्ताची रोजची गोळी असेल तर तेही सांगा, कारण तिच्यामुळे वेल्पाटासवीर नीट शोषले जात नाही. विषाणू गेला तरी सिरॉसिस झालेल्यांची दर सहा महिन्यांची सोनोग्राफी थांबत नाही. मी सुरुवातीला ती टाळली होती, तुम्ही टाळू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मावशीला विचारले. तिला २००८ साली अपघातानंतर एका लहान रुग्णालयात बरीच इंजेक्शने आणि टाके पडले होते, त्याआधी काहीच नाही. म्हणजे कालावधी खरोखरच निम्मा निघाला. आम्लपित्ताची गोळी आई गेली चार वर्षे रोज घेते आणि ती आमच्यापैकी कोणीच डॉक्टरांच्या कानावर घातली नव्हती. सोमवारी तिच्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जात आहे. दोन्ही अहवालांचे फोटो कालच मामांना पाठवले. मावशी रविवारी जेवायला येणार आहे.