विषय: नव्या ज्यू वस्तीसाठी घरखरेदीची मदत – बक्षीस की कर्ज?

नमस्कार मंडळी,
अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या डोथन गावात ब्लमबर्ग कुटुंबाच्या संस्थेने २००८ साली योजना काढली होती: बाहेरून येऊन राहणाऱ्या ज्यू कुटुंबाला ५०,००० डॉलरपर्यंत मदत. अटी दोन: पाच वर्षं तिथे राहायचं आणि टेम्पल इमॅन्युएल या तिथल्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या कामात भाग घ्यायचा. आधी गाव सोडलं तर पैसे परत. आपल्या बेने इस्राएल (मूळ कोकणातले ज्यू) सभासदांना अमेरिकेतल्याच नव्या गावात असंच काही उभं करायचं आहे. बँकेला ही रक्कम काय म्हणून दाखवायची?
– सचिव

ताई,
परतफेडीची अट असेल तर ते बक्षीस नव्हे. गाडं इथेच अडतं. बँक गिफ्ट लेटर (पैसे बक्षीस असल्याचं पत्र) मागते आणि त्यात ‘परतफेड अपेक्षित नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पाच वर्षांचा करार खिशात ठेवून या पत्रावर सही केली, तर ती बँकेला दिलेली खोटी माहिती ठरते. दुसरं कर्ज म्हणूनच दाखवा आणि घरावर दुय्यम बोजा (बँकेच्या गहाणानंतरचा हक्क) चढवा. कराराचा मसुदा प्री-अप्रूव्हलच्या, म्हणजे कर्जाच्या प्राथमिक मंजुरीच्या, वेळीच बँकेकडे द्या, कारण क्लोजिंग डिस्क्लोजर (कर्जाचा अंतिम तपशील देणारा कागद) सहीच्या किमान तीन कामाचे दिवस आधी हातात यावं लागतं आणि ही रक्कम त्यात दिसायला हवी. पैसे कुटुंबाच्या खात्यात नकोत, थेट टायटल कंपनीकडे, म्हणजे खरेदीव्यवहार पुरा करणाऱ्या कंपनीकडे, पाठवा.

माफी वर्षाला एक पंचमांश ठेवा. ५०,००० असतील तर दरवर्षी १०,००० वजा. सगळं पाचव्या वर्षाअखेर माफ असं लिहिलंत, तर चौथ्या वर्षी नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यावर पूर्ण रक्कम येते. ते मला अन्यायाचं वाटतं. मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं यांची कलमं आधीच घाला. माफ झालेलं कर्ज उत्पन्नात धरलं जाऊ शकतं, तेव्हा सीपीएला (तिथल्या हिशेबतपासनीसाला) विचारल्याशिवाय सही नको. आणि घरविक्रीच्या एजंटला ‘ही घरं ज्यूंनाच दाखवा’ असं चुकूनही सांगू नका. घरांच्या व्यवहारात धर्मावरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात ते बसत नाही.
– कर्जाची कागदपत्रं पाहणारा सभासद

मंडळी,
कागद झाले, पण घर कुठे घ्यायचं? डोथनचं टेम्पल रिफॉर्म या उदारमतवादी पंथाचं, तिथे शनिवारी गाडीने आलं तरी चालतं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी न चालवणाऱ्या ऑर्थोडॉक्स (कर्मठ) कुटुंबाला सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, चालत जाण्याच्या अंतरावरच हवं. तेल गाळायचं काम शब्बाथला बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्या नातवंडांना हे वेगळं सांगायला नको. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. दहा घरं दहा दिशांना विखुरली तर मदतीचे पैसे गेले आणि प्रार्थनाही झाली नाही. म्हणून मदतीच्या अर्जातच नकाशावर हद्द आखून द्या.

ही हद्द एरूवच्या आत हवी. एरूव म्हणजे खांब आणि तारांनी आखलेली सीमा, जिच्या आत शब्बाथला वस्तू वाहून नेता येतात. एरूव नसेल तर शब्बाथला रस्त्यावर बाबागाडी ढकलता येत नाही, आणि तान्ह्या मुलाची आई घरात अडकते. खांबाला उभी पट्टी लावतात, निदान दहा मुठी उंच, म्हणजे साधारण एक मीटर. तार बरोबर त्या पट्टीच्या डोक्यावरून गेली पाहिजे, बाजूने गेलेली चालत नाही. घोटाळा होतो तो वीज कंपनी खांब बदलते तेव्हा किंवा वादळात फांदी पडते तेव्हा: एका जागी तार तुटली की एरूव मोडला. दर आठवड्याला शुक्रवारच्या आत सगळी फेरी मारून पाहावं लागतं. तपासनीस आणि दुरुस्तीचा खर्च पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात घाला, घरांच्या पैशातून काढू नका.
– वस्ती उपसमिती