मांजरपाटावर आजींचा चेहरा

ताई, आजींचा चेहरा रंगवताना ओठांचा रंग मांजरपाटावर पसरतोय म्हणालात, आणि वरच्या उत्तरात कुणीतरी सरळ जेसो (कॅनव्हासवर रंगाआधी देतात तो पांढरा अस्तराचा लेप) फासायला सांगितलंय. जेसोने पसरणं थांबेल, पण कापडाचा कॅनव्हास होईल. मग कापड घेतलं कशाला? आधी साबणाने धुऊन खळ काढा, इस्त्री करा, चौकटीवर ताणून बसवा. अॅक्रिलिक पातळ करायला पाण्याऐवजी फॅब्रिक मीडियम (कापडावर रंगवण्यासाठी अॅक्रिलिकमध्ये मिसळायचं द्रावण) घ्या. पसरतं ते बहुतेक पाण्यामुळेच. ब्रश जवळजवळ कोरडा हवा.

चेहऱ्यात सगळी गंमत सावल्यांची. अॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, म्हणून गालाखालची सावली ओली असताना बरोबर वाटली की समजा, वाळल्यावर काळवंडणार. एक छटा उजळच धरा. बुबुळातला पांढरा ठिपका अगदी शेवटी.

तुमची कुणबी लुगड्याचा (लाल चौकडीच्या सुती साडीचा) तुकडा वापरायची कल्पना झकास! फक्त चेहरा थेट त्यावर नको, चौकडीच्या रेघा नाकाडोळ्यांतून आरपार जातात. काठ म्हणून जोडा, आणि आधी भिजवून लाल रंग जातो का ते बघा.

चित्र पूर्ण वाळलं की दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून इस्त्री.

बाकी गोव्यात खरा वैरी पावसाळा. आमच्या फोंड्याकडे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती जूनपासून ओल धरतात. वर नेफा शिवून बांबूची काठी घाला आणि चित्र भिंतीपासून बोटभर सुटं टांगा. काचेची फ्रेम तर नकोच, आत हवा कोंडून बुरशी धरते.