मदत हवी आहे: तिसऱ्या रॉबर्टच्या वंशावळीतली एक गाठ सुटत नाहीये

स्कॉटलंडच्या स्ट्यूअर्ट घराण्याचा तक्ता मांडतोय आणि तिसऱ्या रॉबर्टपाशी (राज्य १३९० ते १४०६) अडकलोय.

त्याचे आईवडील, दुसरा रॉबर्ट आणि एलिझाबेथ म्यूर, यांचं लग्न १३३६ च्या सुमाराचं. पण जवळच्या नात्यामुळे ते चर्चच्या नियमात बसत नव्हतं. पोपची सूट मिळाली १३४७ मध्ये. तोवर थोरला मुलगा जॉन दहाएक वर्षांचा, म्हणजे त्याच्या औरसपणावरच शंका! हाच पुढे 'रॉबर्ट' नावाने गादीवर आला. आधीचा पदच्युत राजा जॉन बेलियल याच्यामुळे 'जॉन' हे नाव अपशकुनी वाटलं म्हणे. नाव बदलून नशीब कुठलं बदलायला: घोड्याच्या लाथेने अधू, कारभार धाकट्या भावाकडे, थोरला मुलगा १४०२ मध्ये स्कॉटलंडमधल्याच फॉकलंडला कैदेत वारला, धाकटा जेम्स १४०६ मध्ये समुद्रावर इंग्रजांच्या हाती लागला.

१३७३ चा वारसाहक्काचा कायदा पाहिलाय. त्यात आधी एलिझाबेथचे मुलगे, मग दुसरी बायको युफेमिया रॉसचे, म्हणजे डेव्हिड आणि वॉल्टर. हा वॉल्टर १४३७ मध्ये पहिल्या जेम्सच्या (तिसऱ्या रॉबर्टच्या त्याच धाकट्या मुलाच्या) खुनात अडकला, तेवढ्यावरून 'गादीचा जुना दावा' असं सर्रास लिहिलेलं सापडतं. विकिपीडिया वाचून झालाय, त्याची लिंक नको. इंग्रजी संदर्भ चालतील. लॅटिन असेल तर भाषांतरासकट द्या.

नेमकं विचारायचंय ते हे: 'आम्हीच औरस' असा दावा युफेमियाच्या मुलांनी स्वतः केल्याचं एखाद्या समकालीन कागदात आहे का, की ही मागाहून लावलेली संगती?