जी पाणबुडी बनवणाऱ्याचं नौदलच वापरत नाही, ती आपण का घ्यावी?

खोलपाणी:
टाइप २०९ ही जर्मन डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी. १९७१ मध्ये पहिली ग्रीसच्या नौदलात गेली, मग पेरू, कोलंबिया, तुर्कस्तान, अर्जेंटिना, भारत, दक्षिण कोरिया अशी रांगच लागली. साठाहून जास्त बांधल्या गेल्या. जर्मन नौदलात किती? शून्य. फ्रेंच स्कॉर्पीनचंही तेच. चिली, मलेशिया, भारत, ब्राझील यांनी घेतली, आणि फ्रान्सने मात्र २००१ मध्ये आपली शेवटची डिझेल पाणबुडी निवृत्त करून सगळा ताफा अणुशक्तीवर नेला.

माझं म्हणणं एवढंच की अशा पाणबुडीचा पहिला ग्राहक हा स्वतःच पैसे मोजून चाचण्या करत बसतो. दोष त्याने शोधायचे, भांडायचंही त्यानेच. टाइप २१४ ही निर्यातीचीच आणखी एक जर्मन पाणबुडी बघा. ग्रीससाठीची पहिली, पापानिकोलिस, जर्मनीतल्या कील बंदरात बांधली. २००६ मध्ये ग्रीसने ती ताब्यात घ्यायला नकार दिला, खवळलेल्या समुद्रात फार कलते म्हणून. ती ग्रीक नौदलात जायला २०१० उजाडलं. जर्मनी स्वतः २१४ नाही, २१२ए वापरतो. आचारी आपल्याच पंगतीला बसत नसेल तर पाहुण्याने विचारायला नको का?

बॅलास्ट:
विचारा की. उत्तरही सोपं आहे. शीतयुद्धात जर्मन नौदलाचं मुख्य पाणी म्हणजे बाल्टिक, आणि ते उथळ आहे. तिथे त्यांना पाचशे टनांच्या आसपासच्या २०५ आणि २०६ पुरत होत्या. २०९ हजार टनांच्या पुढची, मोकळ्या समुद्रासाठी काढलेली. गरज वेगळी होती, यात अविश्वास कुठे आला?

पापानिकोलिसची तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. ग्रीसच्या थकबाकीवरून २००९ मध्ये बांधणाऱ्या कंपनीनेच करार मोडल्याचं जाहीर केलं होतं. कलण्याची तक्रार किती खरी आणि बिल लांबवण्याची सोय किती, हे त्या दोघांनाच ठाऊक.

आणि घरचं गिऱ्हाईक असून काय होतं? २०१७ च्या अखेरीस जर्मनीच्या सहाच्या सहा २१२ए बंद होत्या. एक नॉर्वेजवळ खडकाला घासलेली, बाकीच्या दुरुस्तीत किंवा सुट्या भागांची वाट बघत. स्वतःच्या नौदलासाठी बनवलेली पाणबुडी ही!

खरा प्रश्न आहे, आपल्याशिवाय आणखी किती जण ती वापरतात. टीआर-१७०० ही दुसरी जर्मन पाणबुडी फक्त अर्जेंटिनाने घेतली. सहा ठरल्या होत्या, जर्मनीतल्या एम्डेनमध्ये दोन तयार झाल्या, ब्युनोस आयर्सला व्हायच्या त्या कधी पूर्णच झाल्या नाहीत. त्या दोघींपैकी सान हुआन २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ४४ जणांसह बुडाली. श्नॉर्केलमधून, म्हणजे वरून हवा ओढून घेणाऱ्या नळीतून, पाणी बॅटऱ्यांपर्यंत गेल्याचं कप्तानाने आधी कळवलं होतं. जगात दोनच असलेल्या पाणबुडीचे भाग, अनुभव, तज्ज्ञ आणायचे कुठून?

खोलपाणी:
आणि नांगाला? ती २०९ च होती, तुमच्या त्या मोठ्या गोतावळ्यातली. १९८१ पासून इंडोनेशियाच्या नौदलात, कोरियात मोठी दुरुस्ती झालेली. एप्रिल २०२१ मध्ये ५३ जणांना घेऊन बुडाली. गोतावळा तिथे कामी आला नाही.

बॅलास्ट:
चाळीस वर्षं चालवलेल्या बोटीचं खापर डिझाइनवर कसं फोडता?

खोलपाणी:
सान हुआनही तीस वर्षांपलीकडची होती. तिचं खापर तुम्ही फोडलंत की.

रात्रपाळी:
दोघांचं भांडण सांगाड्यावर चाललंय. निर्यातीच्या पाणबुडीत सांगाडा एकाचा, डिझेल इंजिन दुसऱ्याचं, आवाजावरून शोध घेणारी सोनार यंत्रणा तिसऱ्याची, पाणतीर (टॉर्पेडो) चौथ्याचे. गाडी अडते ती तिथे.

१९८२ चं फॉकलंड युद्ध घ्या. अर्जेंटिनाची सान लुइस, टाइप २०९. ब्रिटिश ताफ्याला ती सापडली नाही, तिच्या भीतीने त्यांनी पाणतीर आणि डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) भरपूर उधळले. पण तिचा मारा नियंत्रित करणारा संगणक बिघडलेला, आणि सोडलेल्या पाणतीरांपैकी एकही लक्ष्यावर फुटला नाही. पाणबुडी म्हणून पैकीच्या पैकी, शस्त्र म्हणून भोपळा.

आपल्या कलवरीचं, म्हणजे भारताच्या पहिल्या स्कॉर्पीनचं बघा. स्कॉर्पीनसाठी इटलीचे ब्लॅक शार्क पाणतीर ठरले होते. हेलिकॉप्टर खरेदीच्या वादात त्याच उद्योगसमूहाचं नाव आलं आणि २०१६ मध्ये तो व्यवहार रद्द झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कलवरी दाखल झाली ती जुन्या २०९ साठी घेतलेल्या जर्मन पाणतीरांच्या जिवावर. यात फ्रेंच डिझाइनचा काही दोष?

थायलंडची तऱ्हा आणखी वेगळी. २०१७ मध्ये चीनकडून पाणबुडी ठरवली, इंजिन जर्मन कंपनी एमटीयूचं. युरोपीय संघाची चीनवर १९८९ पासून शस्त्रबंदी आहे, त्यामुळे जर्मनीने इंजिन द्यायला नकार दिला. चीन म्हणाला आमचं इंजिन घ्या, आणि थाई नौदल वर्षानुवर्षं विचार करत बसलं. १९८९ ची बंदी करार करताना कुणी वाचली नव्हती का, असं विचारावंसं वाटतं. आता सांगा, चिनी नौदल त्या जातीची पाणबुडी वापरतं की नाही, याने इथे काय फरक पडला?

वेल्डिंगवाला:
रात्रपाळींशी सहमत, पण थोडं पुढे जाऊन. तयार पाणबुडी घेतलीत की हे दुखणं कायमचं. बांधायला शिका.

भारताने २०९ चा करार १९८१ मध्ये केला, कोरियाने १९८७ मध्ये. म्हणजे आपण आधी. भारताने पहिल्या दोन बोटी आणि कोरियाने पहिली बोट कीलमध्ये बांधून घेतली आणि मग दोघांनी आपल्या गोदीत काम सुरू केलं. कोरियाच्या ती धरून एकूण नऊ झाल्या, पुढे २१४ बांधायला घेतली, आणि २०११ मध्ये इंडोनेशियाला तीन पाणबुड्या विकण्याचा करार केला. जर्मनीकडून शिकून जर्मनीचंच गिऱ्हाईक पळवलं! माझगाव गोदीत शाल्की आणि शंकुल झाल्या, १९९२ आणि १९९४ मध्ये. लाचेच्या आरोपांत पुढच्या बोटी राहिल्या. त्यानंतर तिथून नौदलात गेलेली पाणबुडी म्हणजे थेट २०१७ ची कलवरी.

प्रेशर हलचं, म्हणजे पाण्याचा दाब सोसणाऱ्या मुख्य कवचाचं वेल्डिंग पुस्तकातून येत नाही. जाड, चिवट पोलाद तापवून घ्यायचं, सांधा भरायचा, क्ष-किरणांनी तपासायचा, खोट निघाली की कोरून पुन्हा भरायचा. वीसेक वर्षं काम नसेल तर तो हात दुसरीकडे जातो किंवा निवृत्त होतो. मग परत परदेशातून शिकवणारे आणा.

बॅलास्ट:
ज्याला सहाच हव्यात त्याने यासाठी गोदी उभारायची? व्हिएतनामने २००९ मध्ये रशियाकडून 'किलो' जातीच्या सहा पाणबुड्या मागवल्या, २०१७ पर्यंत सहाही दाखल. खलाशांना प्रशिक्षण आपल्या विशाखापट्टणमला मिळालं. गोदी नाही, काही नाही. काम झालं.

खोलपाणी:
आणि किलो रशियन नौदल स्वतः वापरतं. माझाच मुद्दा मांडलात, आभार.

बॅलास्ट:
एका उदाहरणावर एवढा आनंद नको. थाई बोटीच्या मूळ जातीच्या चिनी नौदलात कितीतरी आहेत, तरी अडलीच ना?

वेल्डिंगवाला:
सहा हव्यात म्हणून गोदी नको, हे ज्याला विकणारे दारात उभे आहेत त्याने म्हणावं. तैवानने नेदरलँड्सकडून दोन घेतल्या, तर १९८१ मध्ये चीनने नेदरलँड्सशी असलेल्या राजनैतिक संबंधांचा दर्जा खाली आणला. दोन मिळाल्या, तिसरी कधीच नाही. पुढे विकायला कुणी धजेना. शेवटी स्वतःच बांधायला बसले, हाय कुन या त्यांच्या पहिल्या बोटीचं अनावरण २०२३ मध्ये झालं. ऐंशीच्या दशकातच सुरुवात केली असती तर आज कितव्या बोटीवर असते?

रात्रपाळी:
त्या हाय कुनमध्येही परदेशी सामग्री आहेच. बांधायला शिकलात तरी विकणारा सुटत नाही, फक्त तो आता पाणबुडीऐवजी सुटे भाग विकतो.