म्हणे, 'स्वस्त कर्ज द्या, लायक असेल तो उभा राहील'

शाईचे_डाग
परवा इथेच एकाने लिहिलं, "पूर-भूकंपानंतर छोट्या धंदेवाल्यांना अनुदान म्हणजे फुकटेपणाला खतपाणी. स्वस्त कर्ज द्या, लायक असेल तो उभा राहील." तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा धागा.

माझा छापखाना तीन दिवस छातीभर पाण्यात होता. मशीन गेलं, कागदाचा लगदा झाला. मशीनचं कर्ज तेवढं वाहून गेलं नाही. आता नसलेल्या मशीनचे हप्ते भरत नव्या मशीनसाठी आणखी कर्ज काढू? जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर हाच दुहेरी कर्जाचा प्रश्न एवढा पेटला की जुनी कर्जं विकत घेणाऱ्या संस्था काढाव्या लागल्या. शिवाय गट करून अर्ज करणाऱ्या छोट्या उद्योगांना दुरुस्तीच्या खर्चाचा पाऊण हिस्सा सरकारने दिला. ते सगळे फुकटे का?

हिशोबी_माणूस
ती पोस्ट माझीच. 'फुकटेपणा' मागे घेत नाही.

जपानचं अर्धंच सांगितलंत. मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कित्येकांनी त्या पैशातून कारखाने पुन्हा बांधले, पण तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं होतं, ते परत आलं नाही. अमेरिकेत १९५३ पासून छोट्या उद्योगांसाठी सरकारी खातं आहे, ते आपत्तीनंतर कर्जच देतं, ३० वर्षांपर्यंत मुदतीचं. तिथले दुकानदार काय उपाशी मरतात?

सुईदोरा
कर्ज 'देतं' म्हणजे, मागणाऱ्याची परतफेडीची ऐपत पटली तर! ज्याचा गल्लाच पाण्यात गेला त्याने ती दाखवायची कुठून?

दोघेही सगळ्या धंद्यांना एकाच मापाने मोजताय. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत अभ्यासकांनी अगदी लहान धंद्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही निवडून त्यांना रोख पैसे दिले. माल विकणारे त्यामुळे बरेच लवकर सावरले, वस्तू बनवणाऱ्यांना तेवढा फरक पडला नाही. मला यात नवल वाटलं नाही. माझी शिलाई मशीन आठवड्यात सुरू झाली, पण कापड देणाऱ्याचंच गोदाम बुडालेलं. पैसे हातात, शिवायला काही नाही.

सल्ला_फुकट
एवढं रामायण कशाला? विमा काढायचा ना वेळेवर!

शाईचे_डाग
आलात? वाटच पाहत होतो.

विमा होता हो. प्रीमियम वाचवायला माल निम्म्या किमतीचा दाखवला होता, चूक माझीच. १० लाखांचा माल, विमा ५ लाखांचा, नुकसान ४ लाखांचं. मला वाटलं ४ तर ५ च्या आतच आहेत, मिळतील. हातात आले २. विमा निम्मा तर भरपाईही निम्मी, हे कलम पॉलिसीत होतं, पण विकताना कोणी अवाक्षर काढलं नाही. वर सर्वेअर म्हणतो, स्टॉक रजिस्टर दाखवा. ते कपाटात होतं, आणि कपाट पाण्यात.

हिशोबी_माणूस
अर्धी विक्री वहीबाहेर करायची आणि नुकसान झालं की पूर्ण भरपाई मागायची, ही तर जुनीच रीत!

शाईचे_डाग
तोंड सांभाळून. माझी एकूण एक बिलं पक्की होती. वडिलांनी ४० वर्षं एक पावती चुकवली नाही. तुम्ही ओळखता का मला?

हिशोबी_माणूस
तुम्हाला नाही म्हटलं. सर्वसाधारण बोललो.

सुईदोरा
व्वा, काय पण सर्वसाधारण!

कोरडं_दुकान
ज्यांचं काहीच भिजलं नाही त्यांच्याबद्दल बोला की कोणीतरी. माझ्या शटरला थेंब लागला नाही, पण समोरचा पूल दोन महिने बंद. पंचनाम्यात मी नाही, कारण नुकसान 'दिसत' नाही. विम्यात नाही, कारण धंदा बंद राहिल्याची भरपाई मिळायला आधी स्वतःच्या वास्तूचं नुकसान व्हावं लागतं, नाहीतर वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. भाडं आणि दोन पोरांचे पगार मात्र चालूच.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ ला भूकंप झाला. शहराच्या मध्यभागाची नाकेबंदी पूर्ण उठायला २०१३ चा जून उजाडला. पण तिथल्या सरकारने आठवड्याभरात मालकांना कामगारांच्या पगारासाठी मदत जाहीर केली, पूर्णवेळ माणसामागे आठवड्याला ५०० डॉलर. मला तेवढंच हवं होतं, माणसं टिकवायला. त्यातला एक पोरगा गेला तो गेलाच, आणि सगळी गिऱ्हाइकं तोच ओळखायचा.

सल्ला_फुकट
पूल बंद होता तर ऑनलाइन विकायचं.

कोरडं_दुकान
सलून आहे, साहेब.

हिशोबी_माणूस
बरं. सुरुवातीचे काही आठवडे पगार-भाड्यापुरती रोख मदत, ती मान्य. ते अनुदान नाही म्हणणार मी, प्रथमोपचार म्हणेन. मशीन-इमारतीला कर्जच.

शाईचे_डाग
उपकार झाले. आणि जुन्या कर्जाचं? हप्ते सहा महिने थांबवले की बँक त्यावर व्याज लावतच राहते, ते प्रथमोपचारात बसतं का?

हिशोबी_माणूस
त्यावर नंतर लिहितो. आत्ता माझी पॉलिसी काढून पाहिली. मालाची किंमत २०१७ ची टाकलेली आहे. उद्या सकाळी एजंटला फोन.

सुईदोरा
सर्वसाधारण बोलतोय हो आम्ही.